अनुभव खरा, कागद अपुरे

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. मी करवीर तालुक्यात राहतो. 2014 मध्ये आयटीआयचा वेल्डरचा एक वर्षाचा कोर्स पूर्ण केला. मग शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या एका मोठ्या कारखान्यात एक वर्ष अप्रेंटिस आणि तीन वर्षे कामगार होतो. तिथे पीएफ कापला जात असे. 2018 पासून एका लहान फॅब्रिकेशन शेडमध्ये आहे. मालकासह आम्ही आठ जण आहोत. काम भरपूर आणि सर्व प्रकारचे आहे, पण पगार रोख मिळतो, पीएफ किंवा पगाराची स्लिप नाही.

शहरातल्या एका एजंटने ऑस्ट्रेलियात पर्थ येथे वेल्डरची नोकरी असल्याचे सांगितले आहे. तात्पुरता कामाचा व्हिसा मिळेल, पण स्किल असेसमेंट करावी लागेल, असे तो म्हणतो. माझ्या शेडचा दाखला चालणार नाही, म्हणून एका पीएफ असलेल्या कंपनीचा अनुभवाचा दाखला तो ‘बसवून’ देणार आहे. सगळे मिळून साडेआठ लाख मागतो, त्यातले तीन लाख आधी. त्यासाठी पत्नीचे दागिने गहाण ठेवावे लागतील. ही असेसमेंट खरोखर लागते का? त्यात काय तपासतात? हा दाखला घ्यावा का? आणि शेडच्या मालकांना हे सांगावे का? त्यांनी कामावरून काढले तर काय, ही भीती आहे.

उत्तर

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे. भारतीय पासपोर्टधारकांसाठी ज्या व्यवसायांत कौशल्य मूल्यमापन बंधनकारक केलेले आहे, त्यांत वेल्डरचा व्यवसाय येतो. दाखल्याच्या प्रश्नाचे उत्तर मात्र स्पष्ट नकार आहे, आणि त्याची कारणे मी पुढे सविस्तर लिहिली आहेत, कारण तुमच्यासारख्या कुशल माणसाचे सर्वांत मोठे नुकसान त्या एका कागदामुळे होऊ शकते. तुमचा अनुभव खरा आहे आणि तो पुरेसाही आहे. तो सिद्ध करणारे कागद आज अपुरे आहेत एवढीच अडचण आहे, आणि माझ्या अंदाजाने ती साधारण वर्षभरात दूर करता येते.

आधी व्हिसाची रचना समजून घ्या, म्हणजे एजंटच्या बोलण्यातले खरे किती हे तुम्हाला स्वतःला ताडता येईल. ऑस्ट्रेलियाचा हा तात्पुरता कामाचा व्हिसा 482 या क्रमांकाने ओळखला जातो. 7 डिसेंबर 2024 पासून त्याचे नाव ‘स्किल्स इन डिमांड’ असे झाले आहे आणि तो जास्तीत जास्त चार वर्षांसाठी मिळतो. तो मिळण्यासाठी तीन गोष्टी क्रमाने घडाव्या लागतात. नोकरी देणारी कंपनी सरकारमान्य प्रायोजक असावी लागते, त्या कंपनीने एका विशिष्ट पदासाठी तुमचे नामांकन करावे लागते, आणि त्यानंतर तुम्ही व्हिसाचा अर्ज करता. पहिल्या दोन पायऱ्या पूर्णपणे कंपनीच्या आहेत. त्यामुळे ‘नोकरी पक्की आहे’ असे कोणी म्हणाले की कंपनीचे नाव, तिचा अकरा अंकी व्यवसाय क्रमांक आणि नामांकनात लिहिला जाणारा व्यवसाय कोणता, एवढे तरी लेखी मागावे. ऑस्ट्रेलियन सरकारच्या ‘एबीएन लुकअप’ या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकून कंपनी अस्तित्वात आहे की नाही हे कोणालाही विनाशुल्क पाहता येते. तुमच्या पत्रात कंपनीचे नाव कुठेच नाही. तुम्ही ते लिहायचे टाळले असेल तर हरकत नाही, पण एजंटने ते तुम्हालाही सांगितलेले नसेल, तर त्याला एक रुपयाही देण्यापूर्वी ते मिळवा.

आता मूल्यमापनाकडे वळतो. हातकौशल्याच्या व्यवसायांचे मूल्यमापन ‘ट्रेड्स रेकग्निशन ऑस्ट्रेलिया’ या सरकारी यंत्रणेच्या अखत्यारीत येते. लोक तिला टीआरए म्हणतात, आणि ती तिथल्या रोजगार व कार्यस्थळ संबंध विभागाचा भाग आहे. प्रत्यक्ष तपासणी टीआरएने मान्यता दिलेल्या नोंदणीकृत प्रशिक्षण संस्था करतात. मेलबर्नची व्हेटअसेस ही त्यांपैकी एक आहे. कोणत्या व्यवसायासाठी कोणत्या संस्थेकडे जायचे याची यादी टीआरएच्या संकेतस्थळावर असते, अर्ज ऑनलाइन भरायचा असतो आणि उमेदवार तो स्वतः भरू शकतो. मूल्यमापनासाठी एजंट असलाच पाहिजे असा कोणताही नियम नाही. कोणत्या देशाच्या पासपोर्टवर कोणत्या व्यवसायांसाठी ते सक्तीचे आहे, ही यादी तिथल्या गृह विभागाच्या संकेतस्थळावर असते आणि ती बदलत राहते, म्हणून अर्जाच्या दिवशी ती पुन्हा एकदा पाहावी.

इथे एक गोंधळ नेहमी होतो, आणि एजंट बहुधा त्याचाच फायदा घेतात. या व्हिसासाठी गेल्या पाच वर्षांतला किमान एक वर्षाचा पूर्णवेळ अनुभव पुरतो. डिसेंबर 2024 पूर्वी ही अट दोन वर्षांची होती. ‘आता एकच वर्ष लागते’ हे वाक्य त्यामुळे खोटे नाही, पण ते व्हिसाच्या अटीपुरते खरे आहे. मूल्यमापनाची अट वेगळी आणि अधिक कडक आहे. औपचारिक प्रशिक्षण झालेल्या उमेदवाराकडून साधारण तीन वर्षांच्या पगारी, पूर्णवेळ कामाची अपेक्षा असते, प्रशिक्षण नसेल तर त्याहून अधिक वर्षांची, आणि त्यांतले किमान 12 महिने अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांतले असावे लागतात. तुमचे आयटीआय झालेले आहे आणि कारखान्यातली तीन वर्षे पीएफसह नोंदलेली आहेत. म्हणजे एकूण वर्षांचा प्रश्न बराचसा सुटलेला आहे. तुमचे घोडे अडते ते शेवटच्या बारा महिन्यांपाशी, कारण 2018 नंतरचे तुमचे सर्व काम रोखीचे आहे आणि त्याचा कागदावर मागमूस नाही. एजंटने ही जागा बरोबर हेरली आहे. त्याने सुचवलेला उपाय मात्र घातक आहे.

तो का, हे सांगतो. ऑस्ट्रेलियाच्या स्थलांतर नियमांत सार्वजनिक हिताचा निकष क्रमांक 4020 म्हणून एक तरतूद आहे. बनावट कागद किंवा दिशाभूल करणारी माहिती दिल्याचे आढळले तर व्हिसा नाकारला जातोच, शिवाय त्यानंतर तीन वर्षे त्या देशाचे बहुतेक व्हिसा मिळत नाहीत. ही तरतूद केवळ व्हिसा अधिकाऱ्याला दिलेल्या कागदांपुरती नाही, कौशल्य तपासणाऱ्या संस्थेला दिलेला खोटा कागदही तिच्या कक्षेत येतो. ‘असेसमेंटला दाखवू, व्हिसाच्या अर्जात नाव घालणार नाही’ अशी एखादी पळवाट तुम्हाला सुचवली गेली, तर ती पळवाट नाही हे लक्षात ठेवा. खोटेपणा व्हिसा मिळाल्यानंतर उघड झाला तर तो रद्द होऊ शकतो, आणि तेव्हा तुम्ही घरदार सोडून पर्थमध्ये असाल. त्यातही, नाव आणि सही तुमची असते. दाखला एजंटने आणला, मला त्यातले काही ठाऊक नव्हते, हे स्पष्टीकरण सहसा चालत नाही.

शिवाय हा दाखला टिकणारही नाही. मूल्यमापन करणाऱ्या संस्था दाखल्यावरच्या क्रमांकावर फोन करतात, कंपनीची चौकशी करतात, पीएफच्या पासबुकातल्या नोंदी दाखल्यातल्या तारखांशी ताडून पाहतात. जिथे तुम्ही एक दिवसही काम केले नाही तिथल्या पीएफची नोंद तुमच्या खात्यात कुठून येणार? आणि ती कशीबशी निर्माण केलीच, तर मुलाखतीत तज्ज्ञ विचारतो की त्या कारखान्यात कोणती यंत्रे होती, दिवसाला कोणता माल निघत असे, तुमचा सुपरवायझर कोण, रेखाचित्र कोणाकडून येत असे. शेडमधल्या कामाबद्दल तुम्ही झोपेतून उठूनही बोलू शकाल. न पाहिलेल्या कारखान्याबद्दल पाठ केलेले बोलणे अनुभवी कारागिराला दोन प्रश्नांत कळते.

तेव्हा खऱ्या कामाचे कागद उभे करू या. कारखान्यातल्या काळापासून सुरुवात करा, कारण तो भाग सोपा आहे. तुमच्या यूएएनवरून, म्हणजे पीएफच्या सदस्य क्रमांकावरून, पीएफचे पासबुक काढून ठेवा. त्यात कंपनीचे नाव आणि महिनावार वर्गणी दिसते, आणि नोकरीचा काळ सिद्ध करण्यासाठी तो फार भक्कम पुरावा आहे. त्या काळातल्या पगाराच्या स्लिपा, नेमणूकपत्र, पगार जमा होत असलेल्या बँक खात्याचे उतारे आणि कामगार राज्य विमा योजनेचे (ईएसआय) कार्ड असेल तर तेही शोधा. जुने उतारे बँकेकडे अर्ज करून मिळतात, त्याला थोडे शुल्क पडते. कारखाना सोडताना दिलेला अनुभवाचा दाखला बहुधा दोन ओळींचा असेल. त्यावर भागणार नाही, नवीन सविस्तर पत्र घ्यावे लागेल. अप्रेंटिसशिपचे वर्ष प्रशिक्षण म्हणून मांडा, नोकरीच्या वर्षांत मिसळू नका, आणि अखिल भारतीय परीक्षा देऊन मिळणारे राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र तुमच्याकडे आहे की नाही ते पाहा. अनेक मुले वर्ष पूर्ण करतात आणि परीक्षेला बसत नाहीत, मग ते वर्ष कागदावर अर्धवट राहते. आयटीआयच्या बाबतीत राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्राबरोबर गुणपत्रिकाही लागेल, कारण भारतातला वेल्डरचा कोर्स एक वर्षाचा आहे आणि त्यात काय शिकवले जाते हे तपासणाऱ्याला पाहायचे असते.

शेडचा काळ अवघड आहे, पण अशक्य नाही. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला पीएफ बंधनकारक असतो, आणि कामगार राज्य विमा योजना सामान्यतः दहा किंवा अधिक कामगारांना लागू होते. आठ जणांच्या शेडमध्ये या दोन्ही गोष्टी नाहीत यात तुमच्या मालकांनी काही बेकायदा केले असे होत नाही, आणि तपासणाऱ्या संस्थेलाही हे समजावून सांगता येते. पण पीएफ नसल्यावर पगाराचा दुसरा पुरावा हवा, आणि रोख पगाराला पुरावा नसतो. म्हणून माझा सर्वांत महत्त्वाचा सल्ला असा की येत्या महिन्यापासून पगार बँकेत घ्या. मालकांना धनादेश किंवा यूपीआय, जे सोयीचे असेल ते करू द्या, पण त्यांच्या व्यवसायाच्या खात्यातून तुमच्या खात्यात, दर महिन्याला, ‘पगार’ अशा उल्लेखासह रक्कम यावी. सोबत साध्या कागदावर का होईना, पगारपत्रक करून त्यावर सही-शिक्का घ्यावा. मिळकत करपात्र नसली तरी विवरणपत्र भरावे. असे सलग बारा महिने झाले की तुमच्या अर्जातली सर्वांत मोठी फट बुजते, आणि तीही अर्जाच्या अगदी आधीच्या काळातली, म्हणजे जिथे ती बुजायला हवी तिथेच. मालकांची तयारी असेल तर वीसपेक्षा कमी कामगार असतानाही, बहुसंख्य कामगारांच्या संमतीने, पीएफसाठी स्वेच्छेने नोंदणी करता येते. पण तेवढा भार त्यांच्यावर टाकायचा की नाही हे त्यांच्याशी बोलूनच ठरवा.

गेल्या वर्षांचे काय? त्यासाठी आजूबाजूचे पुरावे गोळा करावे लागतील. शेडची जीएसटी किंवा उद्यम नोंदणी, गुमास्ता परवाना, हजेरीची वही, तुम्ही केलेल्या कामांची बिले आणि डिलिव्हरी चलने, तुम्ही ज्यांच्याकडे शेडच्या वतीने काम केलेत त्या ग्राहक कारखान्यांची पत्रे, आणि तारखेसह कामाचे फोटो व व्हिडिओ. फोटोत तुमचा चेहरा, यंत्र आणि जोड हे तिन्ही दिसावेत. तुम्ही कधी बाष्पक नियमांखालची वेल्डरची परीक्षा दिली असेल, किंवा एखाद्या ग्राहकाच्या कामासाठी सहाव्या पोझिशनमधल्या पाइपची चाचणी दिली असेल, तर त्या चाचणीचे प्रमाणपत्र सोन्यासारखे जपा. त्यावर तारीख, जाडी, पद्धत आणि तपासनिसाची सही असते, आणि असा त्रयस्थ पुरावा कोणत्याही दाखल्यापेक्षा जास्त बोलतो. नुसत्या शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवरच्या प्रतिज्ञापत्रावर मात्र विसंबू नका. आपल्याकडे प्रत्येक अडचणीवर तोच तोडगा काढायची सवय आहे, पण दुसरा पुरावा नसेल तर प्रतिज्ञापत्राला तिथे फारसे वजन नाही.

मालकांकडून जे पत्र घ्याल ते व्यवसायाच्या लेटरहेडवर असावे. त्यात कामाला लागल्याची तारीख, पद, आठवड्याचे तास, पूर्णवेळ काम असल्याचा उल्लेख, पगार देण्याची पद्धत, आणि सही करणाऱ्याचे नाव, हुद्दा व संपर्क क्रमांक असावा. आणि मुख्य म्हणजे तुम्ही काय काम करता याचे खरे वर्णन असावे. इथे बहुतेक पत्रे फसतात, कारण ती इंटरनेटवरून उतरवलेली असतात आणि दहा उमेदवारांची दहा पत्रे शब्दशः सारखी निघतात. पूर्वी रोख पगार दिला जात होता आणि अमुक महिन्यापासून बँकेतून दिला जातो, हेही पत्रात मोकळेपणाने लिहून घ्या. लपवलेली गोष्ट संशय निर्माण करते, सांगितलेली करत नाही. मराठीतल्या कागदांचे, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, गुमास्ता परवाना यांचे, अधिकृत भाषांतरकाराकडून इंग्रजी भाषांतर करून घ्यावे लागेल. नावाचीही खात्री करा. आपल्याकडे दहावीच्या आणि आयटीआयच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी येते, पासपोर्टवर क्रम वेगळा असतो, आणि वडिलांच्या नावाचे स्पेलिंग तीन कागदांवर तीन प्रकारचे सापडते. क्रमाचा फरक समजावता येतो. स्पेलिंगचा फरक आताच दुरुस्त करून घ्या, कारण त्याला वेळ लागतो.

कागद मान्य झाले की तांत्रिक मूल्यमापन होते. ते व्यवसायाप्रमाणे मुलाखतीचे, प्रात्यक्षिकाचे किंवा दोन्हींचे असते, आणि ऑस्ट्रेलियात त्या व्यवसायाची पात्रता असलेला माणूस ते घेतो. त्याच्यापुढचा मापदंड तिथल्या कारागिराचा, म्हणजे ‘सर्टिफिकेट थ्री’ या पातळीचा असतो. तुमच्या हाताबद्दल मला शंका नाही. इतकी वर्षे वेल्डिंग केलेल्या माणसाला जोड कसा भरायचा हे कोणी शिकवायला नको. अडचण येते ती कृतीमागचे कारण शब्दांत मांडताना. लो-हायड्रोजन रॉड ओव्हनमध्ये का ठेवतात, जाड प्लेट आधी तापवून का घेतात, लांब जोड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग न मारता टप्प्याटप्प्याने का मारतात, अंडरकट कशामुळे येतो आणि छिद्रे कशामुळे पडतात, रेखाचित्रातल्या वेल्डिंगच्या खुणांचा अर्थ काय, असे प्रश्न विचारले जातात. तुम्ही हे सर्व करता, पण कोणी विचारलेले नसते. रोज काम संपल्यावर त्या दिवसाचा एक जोड घ्या आणि तो असाच का केला हे इंग्रजीत मोठ्याने सांगा. व्याकरण चुकले तरी चालेल, अर्थ पोचला पाहिजे.

सुरक्षिततेबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण आपल्याकडचे उत्तम कारागीर इथे कमी पडतात आणि त्यांना ते कळतही नाही. वेल्डिंगचा धूर कर्करोगकारक असल्याचा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2017 मध्ये काढला. त्यानंतर ऑस्ट्रेलियात कामाच्या जागी चालणाऱ्या या धुराची मर्यादा 18 जानेवारी 2024 पासून दर घनमीटर हवेत 5 मिलिग्रॅमवरून 1 मिलिग्रॅमवर आणली गेली. आठ तासांच्या सरासरीवर मोजली जाणारी ही मर्यादा खूप कडक आहे. त्यामुळे मुलाखतीत धूर ओढून घेणारी यंत्रणा, हवा पुरवणारे हेल्मेट, बंदिस्त टाकीत शिरण्यापूर्वीची तपासणी, ज्वलनशील वस्तूंजवळ काम करताना घ्यायची लेखी परवानगी, यंत्र दुरुस्त करताना वीज कुलूपबंद करण्याची पद्धत, यांवर प्रश्न येणार हे धरून चाला. शेडमध्ये नुसती काच हातात धरून, पायात चपला घालून टाके मारत असाल तर आजपासून ते बंद करा. परीक्षेसाठी तर करा, पण त्याआधी स्वतःच्या डोळ्यांसाठी आणि फुप्फुसांसाठी करा. तुम्ही पाठवाल त्या व्हिडिओतही हे दिसणार आहे.

आणखी एक गोष्ट नामांकनाच्या वेळी पारखून घ्या. ऑस्ट्रेलियाच्या व्यवसायसूचीत प्रथम श्रेणीचा वेल्डर आणि मेटल फॅब्रिकेटर हे दोन वेगळे व्यवसाय आहेत, त्यांचे क्रमांक अनुक्रमे 322313 आणि 322311 असे आहेत. तुमच्या पत्रावरून असे दिसते की शेडमध्ये मार्किंग, कापणे, वाकवणे, जुळवणे आणि मग वेल्डिंग असे सर्व काम तुम्ही करता. तसे असेल तर फॅब्रिकेटरचा व्यवसाय तुमच्या अनुभवाला अधिक जवळचा ठरू शकतो. तिथल्या जाहिरातींत बॉयलरमेकर म्हणतात तो बहुतेक वेळा हाच कारागीर असतो. ज्या व्यवसायात कंपनी नामांकन करील त्याच व्यवसायात मूल्यमापन हवे. एकात पास होऊन दुसऱ्यात व्हिसा मागता येत नाही, म्हणून मूल्यमापनाचे शुल्क भरण्यापूर्वी हे कंपनीकडून लेखी घ्या.

आता साडेआठ लाखांबद्दल. प्रायोजकत्वाच्या बदल्यात कामगाराकडून पैसे किंवा इतर लाभ घेणे हा ऑस्ट्रेलियात डिसेंबर 2015 पासून गुन्हा आहे, आणि असे पैसे देणाऱ्यावरही दंडाची कारवाई होऊ शकते. नामांकनाचे 330 ऑस्ट्रेलियन डॉलर शुल्क आणि प्रशिक्षण निधीसाठी कंपनीच्या उलाढालीप्रमाणे व्हिसाच्या दर वर्षामागे भरावे लागणारे 1,200 किंवा 1,800 डॉलर हे कंपनीचे खर्च आहेत, आणि ते तुमच्याकडून वसूल करण्यास मनाई आहे. तुमच्या वाट्याला मूल्यमापनाचे शुल्क, इंग्रजीची परीक्षा, वैद्यकीय तपासणी आणि तीन हजार डॉलरहून अधिक असलेले व्हिसाचे शुल्क येऊ शकते, आणि यांतल्या प्रत्येकाची पावती थेट संबंधित संस्थेची असते. भारताच्या बाजूने पाहिले तर परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटला 1983 च्या उत्प्रवास कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते, आणि नोंदणीकृत एजंटला कामगाराकडून 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा अधिक सेवाशुल्क घेता येत नाही. एजंटचा नोंदणी क्रमांक ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर तपासता येतो. साडेआठ लाख आणि तीस हजार या दोन आकड्यांमधले अंतर पाहिल्यावर त्या रकमेचे काय होणार आहे हा प्रश्न एजंटला विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. तो हिशेब लेखी देणार नसेल, तर पत्नीचे दागिने घरातच राहू द्या.

पगाराचाही विचार करा. या व्हिसाच्या ‘कोअर स्किल्स’ या मुख्य गटात 1 जुलै 2025 पासून किमान वार्षिक पगार 76,515 ऑस्ट्रेलियन डॉलर ठरवलेला आहे, दरवर्षी जुलैत तो वाढतो, आणि त्याच कामासाठी स्थानिक कामगाराला मिळणाऱ्या पगारापेक्षा तुम्हाला कमी देता येत नाही. एजंटने याहून कमी आकडा सांगितला असेल तर तो प्रस्ताव या व्हिसाचा नाहीच. तिथे पोचल्यावर कंपनीशी बिनसले तर लगेच परतावे लागते अशीही भीती घातली जाते. 1 जुलै 2024 पासून नवा प्रायोजक शोधण्यासाठी एका वेळी 180 दिवस, आणि व्हिसाच्या संपूर्ण काळात मिळून 365 दिवसांपर्यंत मुभा आहे. इंग्रजीसाठी आयईएलटीएसमध्ये एकूण आणि प्रत्येक भागात किमान 5 गुण हवेत. वर्षभराच्या अवधीत रोज थोडा वेळ दिला तर ते तुमच्या आवाक्यातले आहे.

पर्थची ही नोकरी वर्षभर थांबणार नाही, हे मला माहीत आहे आणि ते वाचून तुम्हाला वाईट वाटेल हेही समजते. पण वेल्डर आणि फॅब्रिकेटर हे दोन्ही व्यवसाय सध्या ऑस्ट्रेलियाने तुटवड्याच्या व्यवसायांसाठी केलेल्या यादीत आहेत. खरे कागद असलेल्या कारागिराला पुढच्या वर्षीही विचारणा होईल. नकली दाखल्यावर एकदा नकार आला, तर पुढची तीन वर्षे तुम्ही विचारात घेतलेच जाणार नाही.

शेवटी मालकांचा प्रश्न. त्यांना सांगावेच लागेल, कारण पगार बँकेत घ्यायचा, सविस्तर पत्र घ्यायचे आणि पडताळणीचा फोन त्यांच्याकडे जायचा, यांतले काहीही त्यांच्या नकळत होणारे नाही. बोलताना परदेशापासून सुरुवात करू नका. पगार खात्यात आला तर मला घरासाठी किंवा वाहनासाठी कर्ज मिळणे सोपे होईल, हे खरेच आहे, आणि तेवढ्यापुरती मागणी कोणत्याही मालकाला गैर वाटणार नाही. दोन-तीन महिने ते सुरळीत चालले की तुमचा विचार त्यांना मोकळेपणाने सांगा. वर्षभर तुम्ही इथेच आहात, आणि जाण्यापूर्वी शेडमधल्या एखाद्या मुलाला तुमच्या हाताखाली तयार करून जाल, हेही त्याच वेळी सांगा. इतकी वर्षे सोबत काम केलेला माणूस अशा वेळी सहसा आडवा येत नाही. तरीही ते पत्र द्यायला तयार नसतील, तर भांडू नका आणि नोकरी घाईने सोडू नका. पगार खात्यात आणि पीएफ नियमित असलेल्या एखाद्या कारखान्यात जागा शोधा, ती हातात आल्यावरच शेड सोडा, आणि बारा महिन्यांची मोजणी तिथल्या पहिल्या पगारापासून सुरू करा.